रोजचे पन्नास किलोमीटर आणि पहिली गाडी : स्कूटर की मोटरसायकल?

बार्शीची_पोर
नमस्कार मंडळी. हिंजवडी फेज ३ मध्ये नोकरी लागलीय आणि राहायला धायरीत मावशीकडे आहे. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात. सध्या बस बदलत जाते. सकाळची बस हुकली की पुढचं सगळं गणित कोलमडतं आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत अंगात त्राण राहत नाही. म्हणून गाडी घ्यायची ठरवलीय.

बजेट ऑन रोड लाखाच्या आसपास. चाळीस हजार बाबा देतायत, बाकीचे हप्त्याने. माझी उंची पाच फूट एक इंच. गावी बाबांची स्प्लेंडर चालवलीय, विथ गिअरचं लायसन्सही आहे, पण पुण्याच्या ट्रॅफिकची सवय नाही. ऑफिसात ज्याला विचारावं तो म्हणतो, "मुलींना ॲक्टिव्हाच बरी." मावशीचंही तेच मत. ॲक्टिव्हाला माझी ना नाही, पण मुलगी आहे म्हणून अमुक गाडी, हे कारण पटत नाही. काय बघून ठरवायचं ते कुणीतरी नीट सांगा.

घाटमाथा
याच रस्त्याने मी बरीच वर्षं जातोय, वारज्याहून. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर रस्त्यातच आहे. नवले पुलापासून वाकडपर्यंत तुम्ही बंगळुरू-मुंबई हायवेच्या बाह्यवळणावर असणार. सर्व्हिस रोड आहे, पण तो सलग नाही, त्यामुळे अधूनमधून मुख्य रस्त्यावर यावंच लागतं. तिथे शेजारून सोळा चाकी ट्रेलर जातो. वाकडला उतरलं की चित्र उलटं. तिथून फेज ३ पर्यंत कंपन्या सुटण्याच्या वेळी गाडी पायाने ढकलल्यासारखी पुढे सरकते. म्हणजे एकाच फेरीत दोन वेगळ्या परीक्षा.

हायवेच्या भागासाठी मी सगळ्यात आधी चाक बघेन. ॲक्टिव्हा ११० ला पुढचं चाक १२ इंची आणि मागचं १० इंची. स्प्लेंडरला दोन्ही १८ इंची. पावसाळ्यात पुलांच्या जॉइंटवर आणि खड्ड्यांवर हा फरक मनगटाला आणि कमरेला कळतो. मोठं चाक खड्ड्यावरून निघून जातं, लहान चाक खड्ड्यात उतरतं. वारज्याला मुठेवरच्या पुलावर आडवा वारा लागला आणि त्याच वेळी शेजारून ट्रक गेला की हलकी स्कूटर बाजूला ओढल्यासारखी होते. जपून चालवली तर निभतं, पण रोज दोन वेळा निभवायचंय हे लक्षात घ्या.

माझं मत मोटरसायकलला. ११० ते १२५ सीसी, पुढे डिस्क ब्रेक.

लोकलकर
मी डोंबिवलीचा, त्यामुळे तुमचा रस्ता माहीत नाही, पण दुसरी बाजू मांडतो. वाकड ते फेज ३ ची जी गर्दी वर सांगितलीय, तिथे क्लच दाबून-सोडून डाव्या हाताची बोटं भरून येतात. स्कूटरला ती भानगडच नाही. शिवाय रेनकोट, डबा, लॅपटॉपचा चार्जर, येताना भाजी, सगळं सीटखाली आणि पायापाशी मावतं. मोटरसायकलवर हे सगळं पाठीवर येतं. पन्नास किलोमीटर पाठीवर बॅग घेऊन बघा एकदा. पावसात स्कूटरचं पुढचं ॲप्रन पायांवरचा बराचसा चिखल अडवतं, हाही फायदा थोडका नाही.

आमच्याकडे घर ते स्टेशन एवढंच अंतर. त्याला स्कूटरसारखी गाडी नाही. पुढे मुंबईत दुचाकी न्यायची म्हटली तरी सी-लिंक, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू यांवर दुचाकीला बंदी. म्हणून इथले लोक लांब पल्ल्याचा विचारच करत नाहीत. तुमचं तसं नाही, हे मान्य.

निशिगंधा_नाशिक
बार्शीची_पोर, तुझ्या प्रश्नातली "मुलगी आहे म्हणून" ही ओळ वाचली आणि लिहायला बसले. माझी उंची तुझ्यापेक्षा इंचभर कमीच. सातपूरला शिफ्टला जाते, गाडी १२५ सीसी मोटरसायकल. सुरुवातीला घरी, शेजारी, पेट्रोल पंपावर सगळ्यांनी विचारून झालं. आता कुणी विचारत नाही.

उंचीचं म्हणशील तर ब्रोशरमधला सीटच्या उंचीचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. स्प्लेंडर ७८५ मिलिमीटर, होंडाच्या शाइन १०० ची ७८६, टीव्हीएसच्या रेडरची ७८०. कागदावर सगळ्या सारख्याच. पण सीट पुढे निमुळती असेल तर पाय सरळ खाली जातात, रुंद असेल तर फाकतात आणि तेवढीच उंची जास्त वाटते. बऱ्याच स्कूटरना सीट रुंद आणि फ्लोअरबोर्डही रुंद, म्हणून कमी उंचीच्या बाईला वाटते तितकी स्कूटर सोपी नसते. दोन्ही पाय सपाट टेकायलाच हवेत असं काही नाही. एक पाय पूर्ण आणि दुसऱ्याचा चवडा टेकला तरी पुरे. मात्र हे शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर बघू नकोस. बाहेर उतारावर, ऑफिसला जाताना घालतेस तीच चप्पल किंवा बूट घालून बघ.

आणखी एक करायचं. गाडी बंद ठेवून, गिअर न्यूट्रल करून, बाजूला उभी राहून ती दहा-पंधरा पावलं मागे ढकलून बघ. ऑफिसच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या फटीतून रोज हेच करायचंय. ९९ किलोची शाइन १०० आणि १२३ किलोची रेडर यांतला फरक चालवताना जाणवत नाही, ढकलताना लगेच जाणवतो.

आबा_सातारकर
मुलांनो, आमच्या वेळी असा प्रश्नच नव्हता. बजाजची चेतक १९७२ ला आली आणि पुढे कित्येक वर्षं नंबर लावून वाट बघावी लागायची. मिळेल ती गाडी आपली. १९८४ ला कायनेटिक होंडा आली, बटन स्टार्ट आणि बिनगिअरची, तेव्हा घरातल्या बायका खऱ्या अर्थाने गाडीवर बसायला लागल्या. आमच्या सौ. तिच्यावरच शिकल्या. तेव्हा स्कूटरने बायकांना फिरायची मोकळीक दिली, हे खरं आहे आणि त्याचं मोल मला ठाऊक आहे. पण त्याचा अर्थ आजच्या मुलीने दुसरं काही घेऊच नये असा होत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. चेतकला स्टेपनी असायची. पंक्चर झालं की पाच मिनिटांत चाक बदलून मोकळे. आताच्या स्कूटरना स्टेपनी नसते, पण टायर ट्यूबलेस असतात, हवा एकदम जात नाही. मोटरसायकल घेताना मात्र तेवढं बघून घे पोरी. तारांच्या चाकाला ट्यूब येते, अलॉयला बहुधा ट्यूबलेस. बाह्यवळणावर संध्याकाळी ट्यूबचं पंक्चर होऊन गाडी ढकलत न्यायची वेळ येऊ नये.

पाना_पकड
मिरजेत गॅरेज आहे माझं. रनिंगवरून बोलतो. रोज पन्नास म्हणजे महिन्याला हजार-अकराशे किलोमीटर. हे घरगुती वापराच्या दुप्पट-तिप्पट आहे. तेव्हा "स्कूटरला मेंटेनन्स नाही" हे वाक्य तुमच्यासाठी नाही.

स्कूटरमध्ये चेन नसते, त्याजागी आत बेल्ट आणि रोलर असतात. ते वीस-पंचवीस हजार किलोमीटरला बदलावे लागतात, म्हणजे तुमच्या रनिंगला दोन वर्षांत एकदा. बेल्ट तुटायच्या आधी फारसं काही सांगत नाही. तुटला की गाडी जागेवर उभी, ढकलण्याशिवाय इलाज नाही. मोटरसायकलची चेन उघड्यावर, किरकिर करून सांगते. तिला पाचशे-सहाशे किलोमीटरला साफ करून ल्यूब मारावं लागतं, म्हणजे तुमचं दर पंधरा दिवसांनी. ते काम कंटाळवाणं आहे आणि पावसाळ्यात तर आठवड्याला करावं. झाकलेली चेन असलेली गाडी घेतली तर हा त्रास निम्म्याने कमी.

टाकीचंही बघा. ॲक्टिव्हाची टाकी ५.३ लिटर, स्प्लेंडरची ९.८. स्कूटरने पंचेचाळीसचं ॲव्हरेज दिलं तर चार-पाच दिवसांनी पंपावर. मोटरसायकलने साठ दिलं तर दोन आठवडे बघायला नको. पैशात धरलं तर महिन्याला सहा लिटरचा फरक, म्हणजे सहाशे रुपये इकडे-तिकडे. आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, त्याने ॲव्हरेज थोडं पडतंच. कंपनीचा आकडा धरून हिशेब करू नका.

चार्जिंग_पॉइंट
इलेक्ट्रिकचं नाव कुणीच काढलं नाही म्हणून विचारतो. रोज ठरलेला रस्ता, ठरलेलं अंतर, हे तर इलेक्ट्रिक स्कूटरचं हक्काचं काम. मी चिंचवडला राहतो, दीड वर्षापासून इलेक्ट्रिक वापरतो. एका चार्जला तीन युनिटच्या आसपास लागतात, म्हणजे पन्नास किलोमीटरचा खर्च चहा-वड्याइतकाही येत नाही.

बार्शीची_पोर
चार्जिंग_पॉइंट दादा, तोही विचार केला होता. मावशीची सोसायटी जुनी आहे, पार्किंगमध्ये प्लग नाही. सेक्रेटरी म्हणतात मीटिंगमध्ये विषय घेऊ. आणि मावशीकडे मी कायमची राहणार नाही. वर्षभरात भाड्याची खोली बघायचीय.

चार्जिंग_पॉइंट
मग मी आग्रह धरणार नाही. घरचा हक्काचा प्लग हा पहिला मुद्दा, गाडी कुठली हा त्यानंतरचा. बॅटरी काढून घरात नेता येते अशा गाड्याही आहेत, हीरोची विडा त्यातली, पण बॅटरी जड असते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत रोज संध्याकाळी ती उचलणं मी कुणाला सांगणार नाही. शिवाय हायवेच्या वेगाला रेंज पटापट उतरते. शंभरचा दावा असेल तर सत्तर-पंच्याहत्तर धरून चालायचं आणि बॅटरी जुनी झाल्यावर त्याहून कमी. स्वतःच्या जागेत गेलात की मात्र नक्की विचार करा.

फोंडेकर
गोंयातून लिहितो. फोंडा ते वेर्णा रोज. इथे तर मोटरसायकलवरचे पायलट माणसं पोचवूनच पोट भरतात, त्यामुळे दुचाकीचं आम्हाला नवल नाही. फक्त ब्रेकवर लिहितो, कारण वर तो विषय डिस्क म्हणून एका शब्दात उरकलाय.

१२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना २०१९ पासून निदान सीबीएस सक्तीचा आहे, त्याच्या वरच्या गाड्यांना एबीएस. सीबीएस म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडाथोडा लागतो. स्कूटरमध्ये तो डाव्या हाताला, मोटरसायकलमध्ये उजव्या पायाला. चाक लॉक होणं मात्र तो थांबवत नाही, ते काम एबीएसचं. पावसाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं ऑइल वर येतं, तेव्हा हाच फरक जिवावरचा होतो. तुमच्या बजेटमध्ये एबीएस मिळणं अवघड आहे, पण पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक असलेल्या गाडीवर थांबू नका. त्याच गाडीचं पुढे डिस्क असलेलं व्हेरिएंट पाच-सहा हजारांनी महाग असलं तरी तेच घ्या. त्यासाठी डिजिटल मीटर, ब्लूटूथ, काय वाटेल ते सोडा.

बार्शीची_पोर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल मावशीला घेऊन दोन शोरूमला जाऊन आले. एका ठिकाणी कोटेशन दिलं त्यात हँडलिंग चार्जेस, ॲक्सेसरीज पॅकेज, इन्शुरन्स, सगळं छापूनच आलं होतं. विचारलं तर म्हणाले, सगळे देतात मॅडम. फायनान्सवाला म्हणाला ९ टक्के फ्लॅट, तुमच्या बँकेपेक्षा स्वस्त. हे बरोबर आहे का?

घाटमाथा
एकेक घेऊ. हँडलिंग चार्जेस नावाने काहीही देऊ नका. डीलरने ते घेऊ नयेत असं परिवहन खात्याने वेळोवेळी बजावलंय. लेखी मागा, "हे कसले पैसे ते पावतीवर लिहून द्या" म्हणा. बहुतेक वेळा आकडा तिथेच गळतो. ॲक्सेसरीजमधलं फक्त हवं ते घ्या. साडी गार्ड आणि मागच्या माणसाला धरायची कडी गाडीबरोबरच येते, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

इन्शुरन्समध्ये थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची पॉलिसी, पाच वर्षांची एकदम घ्यावी लागते, २०१८ पासून नवीन दुचाकीला तसाच नियम आहे. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा कुठल्याही कंपनीकडून घेता येतो, डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन मोबाइलवर काढून त्यांच्यासमोर ठेवा.

आता ते ९ टक्के फ्लॅट. साठ हजार तीन वर्षांसाठी घेतलेत तर फ्लॅटमध्ये व्याज पूर्ण साठ हजारांवर तीनही वर्षं लागतं, म्हणजे १६,२०० रुपये. हप्ता २,११७. बँकेच्या ९ टक्क्यांत व्याज उरलेल्या मुदलावर लागतं, हप्ता १,९०८ बसतो आणि एकूण व्याज जातं ८,७०० च्या आत. म्हणजे तो "९ टक्के" बँकेच्या भाषेत जवळजवळ १६ टक्के आहे. पगार ज्या बँकेत जमा होतो तिथे आधी विचारा. आणि कर्ज फिटल्यावर आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा, बँकेचा बोजा उतरवायला विसरू नका, फॉर्म ३५ लागतो. पुढे गाडी विकताना लोकांचं इथेच अडतं.

लोकलकर
एक भर घालतो. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींना २८ वरून १८ टक्के झालाय. इंटरनेटवर दिसणाऱ्या जुन्या किमती आणि जुने रिव्ह्यू बघून तुलना करू नका, ताजंच कोटेशन धरा.

आबा_सातारकर
वडिलांची स्प्लेंडरच आणावी असं कुणी सुचवलं नाही. एमएच १३ ची, म्हणजे सोलापूर पासिंगची गाडी पुण्यात चालवायला काही अडचण नाही, राज्य तेच.

बार्शीची_पोर
आबा, ती बाबांना शेतावर जायला लागते. आणि ती चौदा वर्षं जुनी झालीय, हो.

निशिगंधा_नाशिक
टेस्ट राइड कुठे घेतलीस? शोरूमच्या गल्लीत एक चक्कर मारून काही कळत नाही. पुढच्या वेळी सांग की चढ, स्पीडब्रेकर आणि थोडा मोकळा रस्ता हवा. मागे कुणाला तरी बसवून घे. साठच्या वेगाला आरशात मागचं नीट दिसतं की थरथरतं, तेही बघ. हायवेवर मागून काय येतंय ते दिसणं पुढच्याइतकंच महत्त्वाचं. आणि गाडी ठरायच्या आधी हेल्मेटचे पैसे बाजूला काढून ठेव. फुल फेस, आयएसआय मार्क असलेलं, भुवयांच्या वरून डोक्याचा घेर मोजून. गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. शोरूममधून गाडीबरोबर येणारं हेल्मेट मागे बसणाऱ्यासाठी ठेव.

बार्शीची_पोर
ताई, तुझं सगळं ऐकलं. शनिवारी परत गेले. ॲक्टिव्हा, शाइन १०० आणि शाइन १२५ डिस्क अशा तिन्ही चालवल्या. शोरूमचा मुलगा मागे बसला आणि सिंहगड रोडला चक्कर मारून आलो.

ॲक्टिव्हा खरंच सोपी आहे, गर्दीत तिच्याइतकं हलकं काही वाटलं नाही. पण कालव्याकडच्या खराब पट्ट्यावर मागचं चाक आपटलं आणि रोज पन्नास किलोमीटर हे सोसायचं म्हटल्यावर मन मागे हटलं. शाइन १०० सगळ्यात हलकी, पाय मस्त टेकतात, पण दोन्हीकडे ड्रम. १२५ ढकलायला जरा जड आहे. मागे ढकलताना मावशी म्हणाली, "झेपेल का?" झेपली. चढावर मागे माणूस असताना तिने गिअर मागितला नाही. ब्रेक दाबल्यावर जो विश्वास आला तो बाकी दोघींवर आला नाही.

ॲलॉय आणि ट्यूबलेस आहेत. बुक केलीय, रंग काळा. हँडलिंगचे पैसे कोटेशनमधून काढले त्यांनी, मागितल्यावर. कर्ज पगाराच्या बँकेतून. डिलिव्हरी पुढच्या गुरुवारी. डिलिव्हरीला काय काय बघू?

पाना_पकड
दिवसाउजेडी जा. संध्याकाळी, पावसात डिलिव्हरी घेऊ नका. चासिस आणि इंजिन नंबर स्वतः कागदाशी ताडून बघा, दुसऱ्याच्या फोटोवर विसंबू नका. गाडीबरोबर येणाऱ्या कंपनीच्या दाखल्यावर, फॉर्म २२ वर, उत्पादनाचा महिना असतो. गाडी सहा-आठ महिने गोडाउनला पडलेली असेल तर टायर आणि बॅटरी नीट तपासा. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. ओडोमीटर पाच-सात किलोमीटरच्या वर नसावा. टूलकिट, दोन चाव्या, सर्व्हिस बुक हातात घ्या. पीयूसी नवीन गाडीला पहिलं वर्षभर लागत नाही, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

पहिले हजार किलोमीटर एकाच वेगाने लांब पळवू नका. हायवेवरही गिअर आणि वेग थोडा कमी-जास्त करत राहा. पहिली सर्व्हिस वेळेवर करा. त्या ऑइलमध्ये नव्या इंजिनाचा धातूचा चुरा येतो, ते काढलंच पाहिजे. गर्दीत क्लच अर्धा दाबून धरायची सवय लावून घेऊ नका. दाबा तर पूर्ण, सोडा तर पूर्ण. वाकडच्या गर्दीत क्लच प्लेट यानेच जातात.

घाटमाथा
पहिले पंधरा दिवस सकाळी साडेसातच्या आत निघा, आठनंतर नवले पुलावर अवजड गाड्या आणि ऑफिसची गर्दी एकत्र होते. संध्याकाळी परत येताना वारज्यापासून पुढे शक्य तिथे सर्व्हिस रोड धरा. आणि रेनकोट पिवळा किंवा नारिंगी घ्या, काळा नको. ट्रकच्या उंच केबिनमधून पावसात काळा रेनकोट दिसत नाही.

बार्शीची_पोर
नारिंगी घेतला. चेन ल्यूबची बाटली कुठली घेऊ तेवढं सांगा, पाना_पकड काका.

पाना_पकड
कंपनी महत्त्वाची नाही. डब्यावर चेनसाठी असं लिहिलेलं हवं. जळकं ऑइल किंवा ग्रीस लावू नका, धूळ धरतं. गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलला, इंजिन बंद. हाताने चाक उलटं फिरवत आतल्या बाजूने फवारा मारायचा. चालवून आल्यावर चेन कोमट असताना मारलं तर आत नीट मुरतं. रात्री मारा, सकाळपर्यंत सुकून जातं.